ॲकूस्टिक गिटारची विक्री : परंपरा आणि नवे तंत्र यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे गिटार बनवणाऱ्यांसाठी, विकणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या जाहिराती लिहिणाऱ्यांसाठी आहेत. गिटार विकत घेणाऱ्यांनाही जाहिरातीतला कोणता शब्द वजनदार आहे आणि कोणता नुसताच भारदस्त आहे, हे यांतून पारखता येईल.

ॲकूस्टिक गिटार विकताना परंपरेचा एवढा आधार का घेतला जातो?

खरेदीदाराला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी असते, ती त्याला दुकानात तपासता येत नाही, हे याचे मुख्य कारण आहे. पोलादी तारांच्या गिटारवर साधारण 70 किलोंचा ताण सतत असतो आणि तो ताण दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या वरच्या लाकडी फळीला, म्हणजे टॉपला, वर्षानुवर्षे सोसावा लागतो. नेक (तारांखालचा दांडा) वाकेल का, ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवतात त्या पट्टीच्या) मागे टॉप फुगेल का, आवाज काळाबरोबर खुलेल की बसेल, हे खरेदीच्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे शंभर वर्षे तेच वाद्य बनवणाऱ्याचे नाव खरेदीदाराला हमीसारखे वाटते आणि त्यात गैर काही नाही.

दुसरे कारण कानाशी संबंधित आहे. ‘चांगला गिटारचा आवाज’ म्हणून आपल्या मनात जे घर करून बसलेले असते, ते बहुतांशी ध्वनिमुद्रणांतून आलेले असते आणि त्यांपैकी फार मोठा भाग मोजक्या कंपन्यांच्या मोजक्या मॉडेलांवर वाजवला गेलेला आहे. नवे वाद्य अधिक स्पष्ट किंवा अधिक मोठे वाजले, तरी ते ओळखीचे वाजत नाही, आणि जाहिरातीला या अनोळखीपणाचा सामना करावा लागतो.

ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती प्रत्यक्षात किती जुनी आहे?

बहुतेकांना वाटते त्याहून बरीच नवी. मार्टिन कंपनीचे संस्थापक सी. एफ. मार्टिन 1833 मध्ये सॅक्सनीतून न्यूयॉर्कला आले आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातील नाझरेथला स्थायिक झाले. टॉपच्या आतल्या बाजूस इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकारात पट्ट्या बसवण्याची पद्धत, म्हणजे एक्स-ब्रेसिंग, 1840च्या दशकात त्यांच्या गिटारांत दिसू लागली. तेव्हा तारा आतड्याच्या असत. पोलादी तारा मार्टिनच्या गिटारांवर सर्वसाधारण झाल्या त्या 1920च्या दशकात.

शरीरापासून मोकळे चौदा फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेली नेक आज इतकी रूढ आहे की तिचा वेगळा उल्लेखही कोणी करत नाही. ती मार्टिनने 1929 मध्ये ओएम मॉडेलवर आणली. पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवादकाला लांब नेकची सवय होती आणि त्याच्या मागणीवरून हा बदल झाला. ड्रेडनॉट हा मोठा, रुंद कमरेचा आकार 1916 मध्ये ऑलिव्हर डिटसन या संगीतव्यापारी कंपनीसाठी बनवला गेला आणि सुरुवातीला तिच्याच नावाने विकला गेला. मार्टिनने तो स्वतःच्या नावाने बाजारात आणला 1931 मध्ये. 1906 मध्ये समुद्रात उतरलेल्या ब्रिटिश युद्धनौकेचे नाव या आकाराला दिलेले होते. त्या काळी ती नौका आधुनिक तंत्राची परमावधी मानली जात होती. म्हणजे आज परंपरेची मूर्ती समजला जाणारा आकार बाजारात आला, तेव्हा त्याचे नावसुद्धा सामर्थ्य आणि नवेपणा सांगण्यासाठी निवडलेले होते.

हा इतिहास जाहिरात लिहिणाऱ्याने नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. कारण त्यामुळे ‘परंपरा विरुद्ध नवे तंत्र’ ही मांडणीच कशी तोकडी आहे हे लक्षात येते. बाजारात टिकलेला प्रत्येक बदल वादकाच्या एखाद्या ठोस अडचणीवर उपाय म्हणून आला: मोठ्या वाद्यवृंदात आवाज पोहोचत नव्हता, वरच्या पट्टीतले स्वर हाताला लागत नव्हते, तारा तुटत होत्या. जाहिरातीने ती अडचण आणि तो उपाय सांगितला, तर जुन्या मॉडेलचीही ओळख ताजी होते.

‘युद्धपूर्व’ गिटारचे आकर्षण ही केवळ भावना आहे का?

नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मार्टिन ड्रेडनॉटमध्ये आतल्या ब्रेसिंगच्या पट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असत. वादक अधिकाधिक जाड तारा लावू लागल्याने टॉपवरचा ताण वाढला आणि कंपनीने 1944च्या अखेरीस हे कोरणे बंद केले. गिटार अधिक भक्कम झाली, पण टॉपचा कंप कमी झाला. पुढे वादक आणि दुरुस्ती करणारे कारागीर जुन्या गिटारांच्या पट्ट्यांसारख्या पट्ट्या नव्या गिटारांतही कोरू लागले, आणि अखेर 1976 मध्ये मार्टिनने कोरीव पट्ट्यांची एचडी-28 ही गिटार बाजारात आणली.

येथे जुन्याची ओढ एका मोजता येण्याजोग्या फरकावर उभी होती. म्हणूनच जाहिरातीत नुसते ‘युद्धपूर्व शैली’ असे लिहून थांबू नये. पट्ट्या कोरलेल्या आहेत का, ब्रेसिंगचा ‘एक्स’ ध्वनिछिद्राच्या जवळ सरकवलेला आहे का, टॉपची जाडी किती आहे, गोंद कोणता वापरला आहे, यांपैकी जे खरे असेल ते लिहावे. असा एकही तपशील देता येत नसेल, तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही.

टॉरिफाइड टॉप हे नवे तंत्र की जुनी परंपरा?

साधन नवे आहे, उद्दिष्ट जुने आहे. टॉरिफाय करणे म्हणजे लाकूड भाजून पक्के करणे: ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या भट्टीत लाकूड तापवले की त्यातील ओलावा आणि काही रेझिने निघून जातात, रंग गडद होतो आणि दमट हवेत ते कमी फुगते. बाहेरच्या हवापाण्यात टिकणारे बांधकामाचे लाकूड तयार करण्यासाठी ही पद्धत आधीच वापरात होती; गिटारच्या व्यवसायाने ती नंतर उचलली. आज अनेक कंपन्या ‘पिकलेल्या’ आवाजाचे वचन देताना हीच प्रक्रिया वेगवेगळ्या व्यापारी नावांनी सांगतात.

जाहिरातीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. लाकूड हलके होते आणि आर्द्रतेला कमी दाद देते, हे ठामपणे सांगता येते. ते ‘ऐंशी वर्षे वाजलेल्या गिटारसारखे’ होते, हे ठामपणे सांगता येत नाही; कारण जुन्या गिटारच्या आवाजात लाकडाच्या वयाबरोबरच बांधणीचा, तारांच्या ताणाचा आणि झालेल्या दुरुस्त्यांचाही वाटा असतो. शिवाय असे लाकूड किंचित ठिसूळ होते, ही गोष्ट विक्रेत्याने स्वतःहून सांगावी.

लाकडाच्या जातीने आवाजात खरोखर किती फरक पडतो?

हा या क्षेत्रातला सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे आणि जाहिरातींनी तो अधिकच गढूळ केला आहे. टॉपचे लाकूड, त्याची जाडी आणि ब्रेसिंग यांचा परिणाम मोठा असतो, याबद्दल कारागिरांत फारसे दुमत नाही. वाद आहे तो पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा, आणि नेमक्या त्याच लाकडाच्या नावावर किंमत सर्वाधिक वाढवली जाते.

लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये या विषयावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच कारागिराने एकाच आराखड्यावर सहा पोलादी तारांच्या गिटार बनवल्या. फरक होता तो फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा. त्यांत ब्राझिलियन रोझवूडसारख्या दुर्मीळ लाकडापासून स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या लाकडांपर्यंत विविधता होती. 52 वादकांनी लाकूड दिसणार नाही अशा परिस्थितीत त्या वाजवून आवाजाला गुण दिले. सहाही गिटारांना मिळालेले गुण जवळजवळ सारखे होते.

स्पॅनिश कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी तर 1862 मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या असलेली गिटार बनवली होती. ते वाद्य आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. क्लासिकल गिटारची परंपरा ज्या माणसाच्या नावाने सांगितली जाते, त्यानेच टॉपचे महत्त्व असे दाखवून दिले होते. टेलर कंपनीच्या बॉब टेलर यांनी 1990च्या दशकात माल वाहण्याच्या ओक लाकडाच्या पॅलेटपासून गिटार बनवली, त्यामागेही लाकडापेक्षा बांधणी मोलाची आहे हेच दाखवण्याचा हेतू होता.

म्हणून रोझवूडची जाहिरात करूच नये का? जरूर करावी, पण ते सुंदर दिसते, चांगले घासले आणि वाकवले जाते, स्थिर राहते आणि या वाद्याच्या इतिहासाशी जोडलेले आहे, असे सांगावे. ही कारणे पुरेशी प्रतिष्ठित आहेत. केवळ या लाकडामुळे गिटार दुप्पट चांगली वाजते असे मात्र सांगू नये.

नवे साहित्य वापरून कोणी मोठे यश मिळवले आहे का?

ओव्हेशन कंपनीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. हेलिकॉप्टर बनवणारे उद्योजक चार्ल्स कामन यांनी 1966 मध्ये ही गिटार बाजारात आणली. तिची पाठ गोलाकार असून काचतंतूंच्या संमिश्र साहित्याची होती, आणि या साहित्याला कंपनीने ‘लायराकॉर्ड’ असे स्वतःचे नाव दिले होते. मात्र टॉप नेहमीच्या स्प्रूस लाकडाचाच ठेवला होता. समोरून पाहणाऱ्याला गिटार गिटारसारखीच दिसत होती.

तरीही माझ्या मते तिच्या यशाचे खरे कारण पाठीत नव्हते, ते रंगमंचावर होते. त्या काळी ॲकूस्टिक गिटार मोठ्या सभागृहात ऐकू जायची तर मायक्रोफोनपुढे बसून वाजवावी लागे आणि आवाज वाढवला की शिट्टी वाजे. ओव्हेशनने सॅडलखाली (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखाली) पिझो पिकअप, म्हणजे कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे साधन, बसवलेल्या गिटार कारखान्यातूनच तयार करून दिल्या आणि ग्लेन कॅम्पबेल यांच्यासारख्या दूरचित्रवाणीवर सतत दिसणाऱ्या वादकाच्या हातात त्या पोहोचल्या. अडचण सर्वांना माहीत होती आणि उपाय घरोघरी पडद्यावर दिसत होता. पुढे इतर कंपन्यांनीही पिकअप बसवलेल्या लाकडी गिटार बनवायला सुरुवात केली, तेव्हा ओव्हेशनचा वेगळेपणा कमी झाला आणि उरला तो फक्त पाठीचा आकार, जो बसून वाजवताना अनेकांच्या मांडीवरून घसरतो.

उत्तम संशोधन असूनही एखादे मॉडेल का पडते?

गिब्सन कंपनीने 1975 मध्ये मार्क नावाची गिटारांची मालिका आणली. तिच्यामागे फ्लोरिडा राज्य विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ मायकेल काशा यांचे विचार आणि रिचर्ड श्नायडर या कारागिराचे काम होते. ब्रेसिंग पंख्यासारखे आणि दोन्ही बाजूंना असमान होते, ब्रिजचा आकारही डावीकडे-उजवीकडे वेगळा होता. काही वर्षांतच ही मालिका बंद झाली.

एवढ्या गंभीर प्रयत्नाची ही गत का झाली, याचा विचार प्रत्येक नव्या निर्मात्याने करावा. या मालिकेची ओळख विज्ञानाच्या भाषेत करून दिली गेली: कंपनांचे विभाजन, ऊर्जेचे वहन, ब्रिजचा प्रतिरोध. वादकाची कोणती अडचण सुटते, हे त्यातून सहज उमगत नव्हते. त्यातच गिब्सनचे नाव घेतले की ग्राहकाच्या डोळ्यांपुढे जे-45 सारखी 1942 पासूनची ओळखीची गिटार उभी राहत असे. ज्या नावाखाली लोक जुने शोधायला येतात, त्याच नावाखाली अगदी अनोळखी दिसणारे वाद्य ठेवले, तर ग्राहक आधी बुचकळ्यात पडतो आणि मग निघून जातो.

नवेपणा हीच परंपरा करता येते का?

टेलर कंपनीने ते बऱ्याच अंशी साधले आहे. 1974 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या कंपनीकडे सांगण्यासारखा शतकाचा इतिहास नव्हता, म्हणून तिने बोल्टने जोडलेली नेक, संगणकनियंत्रित यंत्रांनी केलेले अचूक काम आणि हाताला सोपी पडणारी बनावट हेच आपले वैशिष्ट्य म्हणून सांगितले. त्या काळी बोल्टची नेक हे स्वस्त गिटारचे लक्षण मानले जात होते आणि डव्हटेल सांध्याला, म्हणजे खाचेत घट्ट बसवून चिकटवलेल्या लाकडी सांध्याला, प्रतिष्ठा होती. पण काही वर्षांनी नेकचा कोन बिघडला, तर डव्हटेल सांधा वाफेने सोडवावा लागतो आणि ते कुशल कारागिराचे वेळखाऊ काम आहे. टेलरच्या 1999 च्या नव्या नेकमध्ये मात्र बोल्ट काढून मापाच्या पातळ पट्ट्या बदलल्या की कोन दुरुस्त होतो. जो भाग कमीपणाचा समजला जात होता, त्याचाच कंपनीने अभिमानाने उलगडा केला. 2018 मध्ये अँडी पॉवर्स यांनी तयार केलेले व्ही-क्लास ब्रेसिंग आणतानाही हीच रीत राहिली: आवाज लांबणे आणि स्वर एकमेकांशी सुरात राहणे, अशा वादकाला कळणाऱ्या शब्दांत ते सांगितले गेले. या दाव्यांवर कारागिरांत चर्चा चालूच आहे, आणि ती होणे योग्यच आहे.

लाकडावरील आंतरराष्ट्रीय निर्बंधांचा जाहिरातीशी काय संबंध?

फार जवळचा. ब्राझिलियन रोझवूड 1992 मध्ये साइट्स या, धोक्यातील वनस्पती व प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेले, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास थांबला. मार्टिनने त्याआधीच, 1969 पासून, त्याच्या जागी भारतीय रोझवूड म्हणजे आपले शिसव वापरायला सुरुवात केली होती. 2 जानेवारी 2017 पासून रोझवूडच्या बाकी सर्व जातीही दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि तयार गिटार परदेशी पाठवतानाही परवाने लागू लागले. 2019च्या अखेरीस या तयार वाद्यांना सूट मिळाली, मात्र ब्राझिलियन रोझवूडवरील कडक बंधन कायम राहिले. अमेरिकेत बेकायदा मिळवलेल्या लाकडाचा व्यापार रोखणाऱ्या लेसी कायद्याखाली लाकडाच्या आयातीवरून गिब्सनच्या कारखान्यांवर 2009 आणि 2011 मध्ये धाडी पडल्या आणि 2012 च्या समझोत्यात कंपनीने तीन लाख डॉलरचा दंड भरला.

त्यामुळे लाकूड कोठून आले, हा आता जाहिरातीचा आणि विश्वासाचा विषय आहे. एबनी या काळ्या, कठीण लाकडाच्या बाबतीत टेलरने घेतलेली भूमिका मला अनुकरणीय वाटते. कंपनीने 2011 मध्ये एका स्पॅनिश भागीदारासह कॅमेरूनमधील एबनीची गिरणी घेतली, तेव्हा असे आढळले की ग्राहकांना काळेभोर लाकूडच हवे असल्यामुळे पट्टे असलेली एबनीची झाडे तोडल्यावर जंगलातच टाकून दिली जात होती. कंपनीने पट्टेदार एबनी महागड्या गिटारांवरही वापरायला सुरुवात केली आणि त्यामागचे कारण उघडपणे सांगितले. तोपर्यंत दोष समजला जाणारा रंग स्वीकारायला ग्राहक तयार झाले, कारण त्यांना पूर्ण माहिती देऊन मोठ्या माणसांसारखे वागवले गेले.

कार्बन फायबरची गिटार कोणाला विकावी?

ज्याला हवेचा त्रास होतो त्याला. लाकडी गिटारला साधारण 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते; त्याहून फार कोरड्या हवेत टॉपला चीर जाऊ शकते आणि फार दमट हवेत तो फुगून तारा वर येतात. सतत प्रवास करणारा, समुद्रकाठी किंवा तीव्र थंडीच्या प्रदेशात राहणारा वादक या त्रासाला कंटाळलेला असतो. 1990च्या दशकात रेनसाँग कंपनीने कार्बन फायबरच्या गिटार विकायला सुरुवात केली, ती याच ग्राहकाला समोर ठेवून. अशा गिटारची तुलना जुन्या लाकडी गिटारच्या आवाजाशी करण्याची चूक जाहिरातींत वारंवार होते. ती टाळावी, कारण तुलनेला उभे राहिले की नव्या साहित्याला नक्कल करणाऱ्याची जागा मिळते.

जुन्या कंपनीने स्वस्त मॉडेलमध्ये कृत्रिम साहित्य वापरले, तर नावाला बट्टा लागतो का?

लपवले तर लागतो. मार्टिन गेली अनेक वर्षे आपल्या एक्स मालिकेत थर दाबून केलेल्या लॅमिनेटच्या पाठी आणि बाजू वापरते आणि तसे लिहितेही. ‘रोझवूड’ आणि ‘रोझवूडच्या नक्षीचे लॅमिनेट’ यांत पडणारे अंतर ग्राहकाला पहिल्याच ओळीत कळले पाहिजे, तळटीपेत नव्हे. हेच ‘सॉलिड टॉप’ या शब्दांना लागू आहे: टॉप अखंड लाकडाचा आणि बाकी सर्व प्लायवूड असेल, तर ‘सॉलिड लाकडाची गिटार’ असे लिहिणे फसवणूक ठरते. प्लायवूडमध्ये लाज वाटण्यासारखे काही नाही. यामाहाची 1966 ची एफजी-180 अशाच साहित्याची होती आणि आजही लोक ती आवडीने शोधतात.

गिटारमधल्या इलेक्ट्रॉनिक्सची जाहिरात कशी करावी?

ते काय करते, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. यामाहाची ट्रान्सॲकूस्टिक गिटार याचा चांगला नमुना आहे: आत बसवलेले कंपक पाठीला हलवते आणि ॲम्प्लिफायर न जोडताच रिव्हर्ब (मोठ्या सभागृहातल्यासारखी घुमणी) ऐकू येतो. हे ऐकवायला अर्धा मिनिट पुरतो, म्हणून त्याची विक्री लेखापेक्षा प्रात्यक्षिकाने होते.

बॅटरी संपल्यावर गिटार कशी वाजते, हेही ऐकवावे. इलेक्ट्रॉनिक भाग दहा वर्षांत कालबाह्य होतात, लाकूड होत नाही. म्हणून हे भाग काढून बदलता येतात का, या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याजवळ तयार असावे.

प्रसिद्ध वादकाचे नाव वापरणे परंपरा की नवी युक्ती?

फार जुनी युक्ती. मार्टिनची पहिली डी-45 ही 1933 मध्ये गायक-अभिनेते जीन ऑट्री यांच्यासाठी बनवली गेली. 1995 मध्ये एरिक क्लॅप्टन यांच्या नावाची 461 गिटारांची मर्यादित आवृत्ती निघाली. वादकाने सांगितलेला बदल, म्हणजे नेकची रुंदी, फ्रेटबोर्डचा उतार, पिकअपची जागा, प्रत्यक्ष गिटारमध्ये असेल तर असे नाव सार्थ ठरते. नुसती सही कोरलेली असेल, तर ग्राहक शोभेचे पैसे मोजतो, आणि ते त्याला कळले पाहिजे.

एकट्या कारागिराने काय सांगावे?

त्याच्याकडे शतकाचा इतिहास नसतो आणि संशोधनाचा मोठा विभागही नसतो, पण प्रत्येक गिटारची नोंद त्याच्याकडे असते. टॉपचे वजन आणि जाडी, ब्रेसिंगचा आराखडा, लाकूड किती वर्षे वाळवले, तारांची उंची किती ठेवली, हे सर्व गिटारबरोबर लिहून द्यावे. बाजूला दुसरे ध्वनिछिद्र किंवा हात टेकण्याच्या जागी उतरती कड असे बदल केले असतील, तर त्यांचा फायदा वादकाच्या कानाशी आणि खांद्याशी जोडून सांगावा. ‘हस्तनिर्मित’ हा शब्द वापरायचा असेल, तर कोणते काम यंत्रावर होते हेही सांगावे. फ्रेटच्या खाचा यंत्राने अधिक अचूक पडतात आणि जाणकार ग्राहकाला ते आवडतेच.

क्लासिकल गिटारच्या कारागिरांना तर अधिक मोकळीक आहे. ऑस्ट्रेलियाचे ग्रेग स्मॉलमन यांनी जाळीदार ब्रेसिंगचे पातळ टॉप बनवले आणि प्रसिद्ध गिटारवादक जॉन विल्यम्स यांनी ते मंचावर वाजवले. आज दुहेरी थरांचे टॉपही मैफलीत सर्रास दिसतात. नायलॉनच्या तारा, ज्यांना आता कोणी नवे म्हणणार नाही, त्या 1940च्या दशकात स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या पाठिंब्याने कारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी रूढ केल्या. त्याआधी आतड्याच्या तारांचीच परंपरा होती.

नव्या तंत्राची गिटार दुरुस्त कोण करणार, असे ग्राहकाने विचारले तर?

हा प्रश्न टाळू नये, कारण बहुतेक वेळा तोच खरेदी अडवतो. लाकडी एक्स-ब्रेसिंगची गिटार कोणत्याही अनुभवी कारागिराला उघडता येते, पट्टी पुन्हा चिकटवता येते, ब्रिज बदलता येतो. कार्बन फायबरचा टॉप फुटला किंवा कंपनीचे खास पिकअप बिघडले, तर गिटार कारखान्यात पाठवावी लागू शकते. सुटे भाग किती वर्षे मिळतील, हमी कोणत्या भागांना किती काळ आहे, गिटार पाठवण्याचा खर्च कोण करील आणि कंपनी बंद झाल्यास सर्वसाधारण बाजारातले कोणते भाग तिच्यात बसतात, ही चार उत्तरे विक्रीच्या कागदावर लिहून ठेवावीत. ओव्हेशनचा कनेक्टिकटमधील कारखाना 2014 मध्ये बंद झाला, तेव्हा जुन्या गिटारच्या मालकांना हेच प्रश्न पडले होते.